चार दिवसांनी येतो

"मग त्या बसचं काय झालं?" हेबळेबाईंनी विचारलं.

मी त्यांच्या दारात उभा. पाठीवर भाच्याची सॅक, हातात चिवड्याची पिशवी, आणि पलीकडच्या चौकातून माझी गाडी सुटायला आलेली. गोष्ट मात्र ऐन पुलापाशी अडकली होती.

"ते आता आल्यावर सांगतो," मी म्हणालो. "येतो."

"कधी?"

निघणाऱ्या माणसाला असं विचारल्यावर आपण जे सांगतो तेच मी सांगितलं. "चार दिवसांनी."

बाईंनी मान हलवली, मी हात हलवला आणि चौकाकडे पळालो.

हेबळेबाई म्हणजे मालवणकडच्या कुणी नव्हेत. इंग्लंडातल्या यॉर्क गावच्या पक्क्या गोऱ्या बाई. आडनाव हेबलथ्वेट. ते म्हणायला गेलं की माझी जीभ दातात अडकायची, म्हणून मी त्यांना हेबळेबाई करून टाकलं. त्यांनीही माझ्या इंगवल्याचं इंगव्हेल केलं होतं. व्हेल म्हणजे देवमासा. तेव्हा फिट्टंफाट.

मी तिकडे कसा पोचलो ते सांगतो. माझ्या बायकोचा, शालनचा, भाऊ विलास बर्मिंगहॅमला असतो. त्यानं बहिणीसाठी विमानाचं तिकीट धाडायचं ठरवलं, बहीण म्हणाली, "मी न्हाई त्या डब्यात बसायची, ह्यास्नीच न्या." असा मी गेलो. पहिल्या आठवड्यातच विलास आणि मी एकमेकांना पुरते कंटाळलो. तेव्हा भाच्याची सॅक पाठीला मारली, दशम्या, मेतकूट, चिवडा भरला आणि एकटाच जुनी गावं बघत निघालो. राहायचं स्वस्तातल्या हॉस्टेलांत, एकावर एक रचलेल्या खाटांवर, आणि मेतकूट पावावर पसरून खायचं.

आधी बाथला गेलो. गावाचं नाव आंघोळ, मधोमध रोमनांनी बांधलेलं गरम पाण्याचं कुंड, वर वाफा, आणि पाण्यात बोट बुडवायला मनाई. मी काठावर उभं राहून हर हर गंगे म्हटलं आणि नुसत्या शब्दांवर न्हालो. त्यानंतर दोन दिवस अंगाला गंधकाचा वास येत होता, खोटं नाही. मग चेस्टर. तिथं गावाभोवतीच्या तटावरून इतक्या प्रदक्षिणा घातल्या की एका म्हाताऱ्यानं मला पहारेकरी समजून वेशीचं दार कधी लावणार ते विचारलं.

आणि मग यॉर्क. हॉस्टेल भरलेलं होतं, तिथल्या माणसानं मला हेबळेबाईंकडे पाठवलं. त्या वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं देत. बाई सत्तरीच्या, काठीसारख्या ताठ, बोलणं मोजकं. यॉर्कात दोन नद्यांचा संगम आहे. मी बाईंना म्हटलं, आमच्या कराडलाही आहे. बाई म्हणाल्या, आमच्या नद्यांना पूर येतो. आता कराडच्या माणसाला पुराचं सांगायचं म्हणजे काय?

मी एस.टी.त कंट्रोलर. स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायच्या हे माझं काम, आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात गोष्टी सांगायच्या हा माझा धर्म. सकाळच्या चहावर मी बाईंना पुरात वाहून गेलेल्या बसची गोष्ट लावून दिली. कराड-सांगली गाडी कृष्णेत घसरली आणि बुडायच्या ऐवजी तरंगायला लागली. ड्रायव्हरनं स्टेअरिंग सोडलं नाही, कंडक्टरनं तिकीट फाडणं सोडलं नाही. काठच्या गावांतली माणसं हात करायची, कंडक्टर टिंग करून बेल मारायचा, गाडी पाण्यातच कडेला लागायची. अशी बस सांगलीच्या पुलापाशी आली. पाणी इतकं चढलेलं की बसचं टप पुलाला धडकणार. आणि तेवढ्यात माझी निघायची वेळ झाली.

खरं सांगायचं तर पुढचं मलाही ठाऊक नव्हतं. कराडात ही गोष्ट पुलापर्यंत कधी पोचलीच नव्हती. दत्तोबा पोरे शिंपी दुसऱ्याच थांब्यावर मशीन थांबवून म्हणायचा, "सोपाना, बास. आमी बाराशेदा ऐकलंय आन एकदा बी खरं धरलं न्हाई." माझं कुठलंच बोलणं त्याच्या दुकानापुढच्या बाकावर खरं धरलं जात नसे. मी इंग्लंडला निघालो तेही नाही. त्याच्या दुकानात सुटिंगच्या कापडाचं एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावर एडिंबराचा किल्ला, कड्यावर बसलेला. दत्तोबानं त्यावर कात्री ठेवून सांगितलं होतं, "ह्या किल्ल्याव तोफंला टेकून फोटू काडून आण. मग तू गेलास म्हनू. न्हाईतर तू हुतास कोल्हापुरात, मेव्हण्याकडं."

"मेव्हणा बर्मिंगहॅमला आहे."

"आसंल. तू कोल्हापुरात."

त्यामुळे माझी सगळी यात्रा त्या तोफेपाशी जाऊन संपायची होती.

यॉर्कहून मी डरॅमला गेलो, चर्च बघितलं, नदीकाठी दशमीचा शेवटचा तुकडा खाल्ला. बुधवारी संध्याकाळी एडिंबराला पोचलो. किल्ला बंद झालेला, वर दाट धुकं. खालच्या रस्त्यावरून अंदाजानं एक फोटो काढून ठेवला. उद्या गुरुवार, सकाळी दार उघडलं की वर जायचं, तोफेला टेकायचं. शुक्रवारी विलासकडे, शनिवारी विमान. सगळं चोख बसवलं होतं.

हॉस्टेलच्या काउंटरवर लाल केसांची एक मुलगी होती. तिनं माझं नाव वाचलं आणि म्हणाली, "तुमच्यासाठी यॉर्कहून एका बाईंचा फोन होता. त्यांनी विचारलंय, मसूर आधी भिजवायची की तशीच शिजवायची?"

"कसली मसूर?"

"उद्यासाठी. पाच वाजता सगळे येतायत म्हणाल्या."

"सगळे कोण?"

"मला वाटलं ते तुम्हाला ठाऊक असेल," ती म्हणाली.

मी बोटांवर दिवस मोजायला लागलो. रविवारी सकाळी मी बाईंच्या दारातून निघालो होतो. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी तिथल्या खुर्चीत बसलो.

माझं इंग्रजी आधी मनात मराठीत शिजायचं आणि मग ताटात पडायचं. घरातून निघताना 'जातो' म्हटलं की आई मागं बोलवून, पाटावर बसवून, हातावर साखर ठेवायची आणि 'येतो' म्हणायला लावायची. तोच मुलगा मी. त्या दारात उभं राहून इंग्रजीत चक्क 'मी येतो' म्हणालो होतो. वर चार दिवसांनी. आपले चार दिवस म्हणजे किती, ते आपल्याला कळतं. कुणी गादी घालून वाट बघत नाही. पण हेबळेबाईंच्या भाषेत चार म्हणजे चार असतात. निघताना त्यांनी माझे पुढचे मुक्काम विचारून घेतले होते. मला वाटलं, बाईमाणूस काळजीनं विचारतंय.

मी फोन लावला. मनात वाक्य तयार होतं: माफ करा, आमच्याकडे तसं नुसतं म्हणतात.

"मिस्टर इंगव्हेल," बाई म्हणाल्या. "तुमचा फोन येणार हे मी आर्थरला सांगितलंच होतं."

"आर्थर कोण?"

"शेजारचे मिस्टर ऑग्डन. जन्मभर बस चालवली त्यांनी, आता माझ्या कुंपणावर टेकून मला अक्कल शिकवतात. मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, बस तरंगत नाही आणि खोलीतून गेलेला भाडेकरू परत येत नाही. साऱ्या गल्लीला सांगून हसले. म्हणून मी साऱ्या गल्लीलाच उद्या चहाला बोलावलंय."

"बाई, ते असं आहे की..."

"मी आर्थरला म्हटलं, बाकीचे नसतील येत. त्यांच्यापैकी कुणी तसं म्हणालंही नव्हतं. या माणसानं दारात उभं राहून, मी न विचारता सांगितलं, मी येतो म्हणून. यायचं नसेल तर जाणारा माणूस असं कशाला सांगेल?"

याला तुमच्यापाशी उत्तर असलं तर कळवा.

खिडकीतून धुक्यात किल्ल्याचा कडा काळपट दिसत होता. वर कुठंतरी ती तोफ होती, आणि तिकडे कराडात दत्तोबा कात्री घेऊन बसला होता. पुन्हा या देशात कोण येतंय? सकाळी किल्ला उघडण्याआधीच यॉर्कची स्वस्तातली बस सुटत होती. ती पकडली तर तोफ गेली. नाही पकडली तर कुंपणावरचा आर्थर जिंकला, आणि सत्तरीच्या त्या ताठ बाईचं साऱ्या गल्लीत हसं झालं, तेही माझ्या जिभेच्या सवयीपायी.

"मिस्टर इंगव्हेल? मसूर?"

"भिजवा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पाचाला हेबळेबाईंची बैठकीची खोली अशी भरली होती की मला खिडकीच्या कट्ट्यावर बसवलं. मसुरीची आमटी झाली होती, तिखट म्हणून तिच्यात मिरी टाकली होती, आणि साऱ्या गल्लीनं ती पावाबरोबर निमूट खाल्ली. बाई दाराशी उभ्या. त्या कुणाशी काही बोलल्या नाहीत, नुसतं एकदा आर्थरकडे बघून माझ्याकडे हात केला. आर्थर ऑग्डन म्हणजे खांद्यानं दरवाजाएवढा माणूस. तो आरामखुर्चीत ठाण मांडून बसला होता.

"आलात ते बरं झालं," तो म्हणाला. "आता बस पुलाखालून काढा."

मी गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. बेल मारली, तिकिटं फाडली, हातवारे केले. माईकवर कमावलेला आवाज लावला. बस हळूहळू पुलाकडे सरकत होती आणि पुढचं अजून सुचलंच नव्हतं. एडिंबराहून येताना वाटभर विचार केला होता. बस उलटी फिरवून पाहिली, टप कापून पाहिलं, पूल उडवून पाहिला. काही जमेना.

"तर पूल समोर आला," मी म्हणालो, "टप धडकणार, माणसं ओरडायला लागली. तेव्हा कंडक्टरनं..."

"हं?" आर्थर म्हणाला. "कंडक्टरनं काय?"

तेवढ्यात दार वाजलं. कोपऱ्यावरच्या घरातलं एक जोडपं उशिरा आलं होतं. जागा कुठाय? पण बाई म्हणाल्या, "या, आत या, थोडं सरका सगळे," आणि सगळे सरकले. ज्या सोफ्यावर ती दोघं टेकली तो सोफा कुरकुरत हातभर खाली गेला.

मी त्या सोफ्याकडे बघत राहिलो.

"कंडक्टरनं दार उघडलं," मी म्हणालो, "आणि काठावरच्या, छपरांवरच्या, झाडांवरच्या सगळ्या माणसांना हाका मारल्या. चढा, आत जागा आहे. एस.टी.च्या इतिहासात कंडक्टर जागा आहे म्हणाला तो पहिला आणि शेवटचा दिवस. माणसं चढली, शेळ्या चढल्या, एक नवरदेव वऱ्हाडासकट चढला. जसजशी माणसं चढली तसतशी बस पाण्यात खाली बसत गेली. वीत, मग हात, मग दोन हात. आणि टप पुलाखालून असं अलगद निघालं की वर बसलेल्या कावळ्यालाही उठावं लागलं नाही."

सगळे आर्थरकडे बघत होते. तो बराच वेळ छताकडे बघत मनाशी हिशेब करत होता.

"उभे प्रवासी किती घेता तुम्ही?" त्यानं शेवटी विचारलं.

"पावसाळ्यात आम्ही मोजत नाही."

"मग शक्य आहे," आर्थर म्हणाला. "माझ्याही गाडीचं एकदा असंच झालं होतं." आणि त्यानं खुर्ची पुढं ओढून यॉर्कच्या पुराची जी काही गोष्ट सांगितली, ती ऐकून मला माझी बस फार साधी वाटली. त्याच्या गाडीत तर बदकं पास दाखवून बसली होती.

बाई मला गाडीपर्यंत सोडायला आल्या. रस्त्यात विचारलं, "त्या दिवशी म्हणालात ते तुमच्या भाषेत कसं म्हणतात?"

"येतो," मी म्हणालो. "आमच्याकडे निघताना तेच म्हणायचं. जातो म्हणायचं नाही."

"शहाणे आहात," बाई म्हणाल्या. "जातोय ते तर दिसतंच." मग गाडी हलली तसा हात वर करून म्हणाल्या, "येतो."

बाईनं येते म्हणायचं असतं हे सांगायला गाडी थांबली नाही. आणि त्या कशाला येतायत, म्हणून मीही सोडून दिलं.

कराडला आलो. दत्तोबाच्या बाकावर फोटो ठेवला. त्यानं उजेडाला धरून बघितला.

"ह्यो किल्ला?"

"धुकं होतं."

"ह्यो दुधाचा फोटू हाय सोपाना. आन तोफ?"

मी सगळं सांगितलं. मसूर, आर्थर, सोफा, बदकं. सांगून झाल्यावर दत्तोबानं मशीन चालू केलं आणि म्हणाला, "कोल्हापुरात करमलं न्हवं चांगलं?" घरी शालननंही तेच. "अवं, तुमच्या शब्दासाठी सायबाच्या देशात मानसं चहाला जमली? हितं दळणाला जाऊन येतो म्हनता आन सांजंला उगवता."

दिवाळी झाली. एका सकाळी मी कंट्रोल केबिनमध्ये माईकवर होतो. पाटणची गाडी पुकारत होतो, ती फलाटावर लागतच होती. तेवढ्यात पुण्याच्या गाडीतून माणसं उतरली आणि त्यांच्यामागून, पाठीवर सॅक, काठीसारखी ताठ, केस विस्कटलेली एक गोरी म्हातारी उतरली. तिनं इकडं तिकडं बघितलं, माझा आवाज कुठून येतोय ते कान देऊन हेरलं आणि सरळ केबिनच्या जाळीपाशी आली.

"पाटण, मल्हारपेठकडे जाणाऱ्या प्रवाशांनी... अगं आई गं, हेबळेबाई," मी म्हणालो. माईक चालू होता. साऱ्या स्टँडनं ऐकलं.

"येतो म्हटलं होतं ना," बाई म्हणाल्या.

पुण्याहून त्या उभ्यानं आल्या होत्या. आर्थरनं उभे प्रवासी मोजून आणायला सांगितलं होतं, पण मोजायला मानच वळवता आली नाही म्हणे.

त्या दिवशी दत्तोबाच्या दुकानापुढं बाक पुरेना. बाईंना मधोमध बसवलं, शालन शेजारी बसली. दत्तोबानं टेप गळ्यात अडकवून उलटतपासणी सुरू केली.

"इच्यार बाईस्नी, ह्यो मानूस तुमच्याकडं आला हुता का?"

मी विचारलं. बाई बोलल्या. "आला होता म्हणतात," मी सांगितलं.

"गल्ली जमली हुती का?"

"बाई म्हणतात, रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. घोड्यावरचे पोलीस बोलवावे लागले."

हे मात्र बाईंनीच सांगितलं, चेहऱ्यावरची माशी हलू न देता. मी चाट पडलो. घोडे माझ्याही गोष्टीत नव्हते.

"थांब," दत्तोबा म्हणाला. "बाई बोलत्यात इंग्रजी, मराठी करनार तू. तिनं भाजीचा भाव सांगितला तरी तू घोडंच काडणार. ह्यात पुरावा कुठला?"

सारा बाक हसला. मुद्दा बरोबर होता. दत्तोबानं जिंकल्यासारखी कात्री उचलली. बाई त्याच्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. काय चाललंय ते त्यांना बरोबर कळलं असावं. तसला माणूस त्यांच्या कुंपणावरही टेकलेला असायचा.

त्या उठल्या. बाकाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही पाय फाकून, जशा पाण्यात डुलतायत. एक हात वर करून दोरी ओढली आणि म्हणाल्या, "टिंग."

दत्तोबाची कात्री अर्ध्यात थांबली.

बाई डुलत डुलत बाकाच्या कडेनं सरकल्या. हवेतलं तिकीट टर्रकन फाडून म्हाद्या पानवाल्याच्या हातात ठेवलं. मग समोर डोळे मोठे करून हातांनी पूल दाखवला, डोक्यावर हात घेतला. बाईंनी दार उघडलं, रस्त्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांना हातानं बोलावलं, या, या, आणि प्रत्येक माणूस चढला तशा गुडघ्यात वाकत थोड्या थोड्या खाली गेल्या. सत्तरीची बाई, पार उकिडवी बसली, मान वाकवली, आणि दत्तोबाच्या कापडाच्या टेबलाखालून अलगद पलीकडे निघाली.

"टिंग टिंग," त्या टेबलापलीकडून म्हणाल्या.

एक शब्द भाषांतर करावा लागला नाही. दत्तोबा टेबलाला वळसा घालून गेला, त्यांना हात देऊन उठवलं, गुडघ्याची धूळ झटकायला टेबलावरचं कापड दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पुलाखालनं गेली व्हय रं बस? मला दोन थांब्याच्या म्होरं कदी सांगितलंस न्हाईस तू."

"तू ऐकलं नाहीस."

"आता सांग," तो म्हणाला आणि मशीनचा पट्टा काढून ठेवला.

बाई आठवडाभर राहिल्या. संगम बघितला, शालनकडून मसूर करायला शिकल्या. निघायच्या दिवशी स्टँडवर निम्मी पेठ आली होती. दत्तोबानं पुढं होऊन, मोठ्या आवाजात मराठीतच विचारलं, "पुन्यांदा कदी?"

बाईंनी खिडकीतून चार बोटं दाखवली. "येतो."

"येते म्हना, बाई," शालन म्हणाली. "बाईमानसानं येते."

"येते," बाई म्हणाल्या, आणि पुण्याची गाडी मीच पुकारली.

घरी आलो तर शालन पाहुण्यांची गादी उचलून अंगणात न्यायला लागली. उन्हात टाकली, काठीनं झोडपली, उशीचा अभ्रा काढून धुवायला घेतला.

"अगं, आता कशाला?" मी म्हटलं. "चार दिवस म्हणजे तसं नसतं. ते बोलण्यापुरतं असतं."

शालननं अभ्रा पिळला, दोरीवर टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं असतं. बाईंचं न्हाई."